फिरत्या शाफ्टच्या पोटातील पाणी

चालू मोटर बाहेरून पंख्याने निववता येते. पण मधोमध फिरणाऱ्या रोटरच्या पोटात साठलेली उष्णता काढायची कशी? नासाच्या लुइस संशोधन केंद्रातील व्हर्नन ग्रे यांनी १९६९ साली एक युक्ती मांडली. शाफ्ट पोकळ करायचा, हवा काढून आत थोडे पाणी ठेवायचे आणि तोंडे कायमची बंद करायची. हीच फिरती उष्णतानळी.

गरम टोकाला पाण्याची वाफ होते, थंड टोकाला वाफेचे पुन्हा पाणी. एक ग्रॅम पाणी एका अंशाने तापवायला एक कॅलरी पुरते. उकळत्या ग्रॅमभर पाण्याची वाफ करायला मात्र सुमारे ५४० लागतात. म्हणून एवढेसे पाणी एवढी हमाली करते. त्याने परत यावे यासाठी पोकळी गरम टोकाकडे किंचित रुंद ठेवतात. मिनिटाला ३००० फेरे आणि २ सेंटीमीटर त्रिज्या असेल, तर पाण्याला बाहेर लोटणारा जोर गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे २०० पट होतो. भिंतीला एकच अंशाचा टेपर दिला, तरी उताराच्या दिशेने त्यातला साडेतीन पट जोर मिळतो. लेथवर हात बसलेल्याला हा टेपर किती बारीक ते सांगायला नको!

आता गणित. ओघळणाऱ्या पाण्याच्या थराचा हिशेब नुसेल्ट यांनी १९१६ सालीच मांडला होता. त्यात गुरुत्वाकर्षणाच्या जागी केंद्रोत्सारी बल घालून सुरुवात होते. सारे भांडण थराच्या जाडीशी आहे. दशांश मिलिमीटर पाणी उष्णतेला सुमारे सहा सेंटीमीटर तांब्याइतके अडवते. तेव्हा नळीचे लहान लहान भाग पाडून प्रत्येक भागात किती वाफ निवली, थर किती जाड झाला आणि समोरून येणाऱ्या वाफेने त्याला किती मागे रेटले, हे मांडावे लागते. वेग फार कमी असेल तर पाणी तळाशी डबके करून बसते, आणि हा हिशेबच लागू पडत नाही. वेग वाढला की थर पातळ होतो, काम वाढते. मालकमंडळींना एवढेच वाक्य लक्षात राहील! पण पाणी कमी पडले तर गरम टोक कोरडे होऊन तापत सुटते. हवा राहिली तर ती थंड टोकाला साचून वाट अडवते.

शिवाय दाब आहे. बंद पाण्याच्या वाफेचा दाब १०० अंशांना एक वातावरण, १८० अंशांना सुमारे दहा. असा शाफ्ट म्हणजे लहानसा बॉयलरच. त्याच्याशेजारी उभे राहणाऱ्याला हा आकडा ठाऊक असलाच पाहिजे. दाब सोसायला भिंत जाड करावी, तर जाड भिंत उष्णतेला पुन्हा अडवते.