मागणीवरून केलेली संगीतरचना

गेल्या वर्षीं गडब येथील पटांगणांत आपल्या चार विद्यार्थ्यांनीं बांसरी, व्हायोलिन, हार्मोनियम व तबला यांवर एक लहानशी रचना वाजविली, ती कित्येक पालकांस स्मरत असेल. ती मजकडून मुद्दाम करवून घेतली होती. तींत जी फजिती झाली तिचा दोष मजकडे आहे, वादकांकडे नाहीं. मीं ती रात्रीं दाराशीं कडी घालून, मनांतल्या मनांत गुणगुणत लिहिली. मनांतल्या बांसरीला श्वास घ्यावा लागत नाहीं! प्रत्यक्ष बांसरी वाजविणारा मुलगा दुसऱ्याच आवर्तनांत थांबला. त्याचे वडील मागाहून मला म्हणाले, "मास्तर, पोराला दम पुरला नाय." एवढ्या चार शब्दांत सर्व टीका आली.

मागणीवरून रचना करणें म्हणजे कलेला विकणें, असें कित्येकांस वाटतें. तें मला मान्य नाहीं. १८१९ सालीं ऑस्ट्रियांतील श्टायर गांवीं शूबर्ट या तरुण संगीतकारास पाउमगार्टनर नांवाच्या एका हौशी गृहस्थानें घरच्या बैठकीकरितां रचना मागितली. ट्राउट माशाविषयींचें शूबर्टचें एक गीत त्यास फार आवडे. त्याची चाल तींत यावी, ही त्याची इच्छा. स्वतः तो सेलो, म्हणजे व्हायोलिनच्याच जातीचें मोठें, खर्जाकडील वाद्य वाजवीत असे. शूबर्टनें पियानो, व्हायोलिन, व्हायोला व सेलो यांच्या जोडीस आणखी एक डबल बास घेतला. खालच्या स्वरांचा भार त्यानें उचलला, व सेलोला वर येऊन गाण्यास मोकळीक मिळाली. यजमानाची हौसही पुरली आणि पांच वाद्यांची ती रचना आज जगभर वाजते.

आपल्याकडे हीच गोष्ट नाटक मंडळ्यांत घडली. किर्लोस्कर मंडळीनें १९११ सालीं खाडिलकरांचें 'मानापमान' रंगभूमीवर आणलें, त्याच्या चाली गोविंदराव टेंबे यांच्या. टेंबे स्वतः नामांकित हार्मोनियमवादक. गाणाराचा गळा कोठें फुलतो व कोठें थकतो, हें साथीस बसणारा नेमकें ओळखतो. उत्तरेकडील ठुमरी, दादरा, कजरी यांचे ढंग त्यांनीं पदांत आणले. भामिनीच्या भूमिकेंत बालगंधर्व होते. समोर मात्र रागदारी जाणणारे रसिक व मैफलीस कधींही न बसलेली मंडळी एकाच छताखालीं. दोघांनाही तें रुचलें. पुढें १९१६ सालीं 'स्वयंवरा'स भास्करबुवा बखले यांनीं चाली दिल्या. बुवा हे बालगंधर्वांचे गुरु. शिष्याचा गळा त्यांच्या पूर्ण परिचयाचा.

आतां माझ्या चुका पाहा. बांसरीची पट्टी बांबूतच ठरलेली असते. इतर वाद्यांनीं तिच्याकडे जावयाचें. मीं उलट हार्मोनियमची सोईस्कर पट्टी धरली, त्यामुळें मुलाच्या बोटांना अर्ध्या छिद्रांची कसरत पडली. आरंभ मीं मंद्र सप्तकांत, अगदीं हळुवार ठेविला होता. बांसरीचे खालचे स्वर दूर पोंचत नाहींत. त्यांत शेजारून मुंबई-गोवा रस्ता वाहतो. पहिल्या दोन आवर्तनांवर मालमोटारींचा आवाज होता, आणि मागें बसलेल्या आयाबायांना बांसरी सुरू झाल्याचें कळलेंच नाहीं. बंद खोलींत जें गोड लागतें तें पटांगणांत लागेलच, असें नाहीं.

यंदा पुनः मागणी आली आहे. या खेपेस लेखणी हातीं घेण्यापूर्वीं मीं चौघांना तीन संध्याकाळ नुसतें वाजवूं दिलें व ऐकत बसलों. राग दुर्गा, ताल केरवा. आरंभ तबल्याकडे दिला आहे, म्हणजे लोक गप्प बसतील. बांसरी मागाहून, मध्य सप्तकांतून येते. जेथें श्वास घ्यावयाचा तेथें व्हायोलिन तोच स्वर धरून ठेवतें. वही सध्यां त्या मुलाकडे आहे. काल पाहिलें, तर मीं कोठेंच न ठेविलेल्या दोन जागीं त्यानें पेन्सिलीनें श्वासाच्या खुणा केल्या आहेत. त्या मीं शाईनें पक्क्या केल्या.