मल्टिपल स्क्लेरोसिस : मेंदूची पर्यायी वाट

या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती मज्जातंतूंवरील 'मायलिन' या संरक्षक आवरणावरच हल्ला करते. संदेशवहन मंदावते, दृष्टी अंधुक होते, हातापायांना मुंग्या येतात, तोल जातो. तथापि अनेक रुग्णांना काही आठवड्यांत आराम पडतो. सूज ओसरते, काही आवरण पुन्हा तयार होते आणि मेंदू कामाची फेरवाटणीही करतो.

वळसंगहून सोलापूरला जाणारा मोठा रस्ता बंद पडला, तर आपण आडवाटेने जातो. पोहोचतो, परंतु वेळ व श्रम अधिक लागतात. मेंदूचेही तसेच. 'एफएमआरआय' तपासणीत असे आढळले आहे की, साधी बोटे हलवितानाही या रुग्णांच्या मेंदूचे निरोगी माणसापेक्षा अधिक भाग कार्यरत होतात. रुग्णाच्या थकव्याचे हे एक संभाव्य कारण मानले जाते. म्हणून नातेवाईकांनी त्यास आळस समजू नये.

आम्ही हिशेबाची माणसे. आमच्या भाषेत हा मेंदूचा राखीव निधी होय, आणि तो अमर्याद नसतो. लक्षणे गेली म्हणजे आजार गेला, असे मानून परस्पर औषध बंद करू नये. वेळेवर औषधोपचार आणि नियमित व्यायामोपचार यांनी हा निधी टिकविण्यास साहाय्य होते.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये या आजाराचा समावेश आहे. पात्र कुटुंबांनी प्रमाणपत्र अवश्य घ्यावे. देणगीदारांस नम्र विनंती की, व्यायामोपचाराचा खर्च दीर्घकाळ चालणारा असतो, हे ध्यानी असावे.