लोखंड, व्हिनेगर, हिरडा : चामड्याचे घरगुती रंग

कातडे कोणते? हिरडा, बाभळीची साल अशा टॅनिनयुक्त द्रव्यांनी कमावलेले. कोल्हापुरी चपलेचे पारंपरिक कातडे याच प्रकारचे. क्रोमने कमावलेल्या कातड्यात टॅनिन नसते, त्यामुळे पुढचा काळा रंग त्यावर धरत नाही.

काळा
- गंजके खिळे किंवा लोखंडी कीस व्हिनेगरमध्ये काही दिवस भिजवतात. वायू सुटतो, म्हणून झाकण सैल ठेवायचे.
- गाळलेले पाणी लावले की लोह आणि टॅनिन यांचा संयोग होतो. काळा रंग कातड्यातच तयार होतो. वर थर बसत नाही.
- कातडे फिके असेल तर आधी हिरड्याचा काढा लावतात.
- शेवटी खाण्याच्या सोड्याचे सौम्य पाणी, मग तेल. आम्ल किंवा लोह जास्त राहिले तर कातडे कालांतराने ठिसूळ होते.
- गूळ आणि लोखंड आंबवूनही असेच पाणी होते. कलमकारीतला काळा तोच.

तपकिरी : अक्रोडाची हिरवी साल, काताचे पाणी.

लाल : मंजिष्ठा. तुरटी लावल्यास रंग उजळतो.

पिवळा : हळद. चटकन चढते, पण उन्हात उडते.

लक्षात ठेवा : काढा कोमट किंवा गारच लावावा, उकळत्या पाण्यात कातडे आक्रसते. आधी कातरणीवर चाचणी. प्रत्येक कातडे रंग वेगळा घेते.