बनावट चलन : दोषसिद्धीविरुद्ध अपील

बनावट चलन तयार करणे, ते खरे म्हणून चालविणे किंवा तशा हेतूने बाळगणे या अपराधांबद्दल झालेल्या दोषसिद्धीची वरिष्ठ न्यायालयाकडून फेरतपासणी करून घेण्याचा वैधानिक उपाय. भारतीय दंड संहितेत चलनी नोटांविषयी स्वतंत्र कलमे १८९९ मध्ये घालण्यात आली. १ जुलै २०२४ पासून घडलेल्या अपराधांना भारतीय न्याय संहितेची कलमे १७८ ते १८२ लागू होतात. चलन बनविणे वा चालविणे यांस जन्मठेप किंवा १० वर्षांपर्यंत कारावास व दंड, तर बाळगण्यास ७ वर्षांपर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे.

हे खटले सत्र न्यायालयात चालत असल्याने अपील उच्च न्यायालयाकडे होते. हिंगोली जिल्हा (स्थापना १ मे १९९९) मुंबई उच्च न्यायालयाच्या छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) येथील खंडपीठाच्या अधिकारक्षेत्रात येतो. अपिलाची मुदत ६० दिवसांची असून निकालपत्राची नक्कल मिळण्यास लागलेला काळ तीतून वगळतात. कैद्याला नक्कल विनामूल्य व वेळेवर मिळावी आणि गरजेनुसार वकीलही मिळावा, असे सर्वोच्च न्यायालयाने होसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य (१९७८) या खटल्यात ठरविले. तुरुंगाधिकाऱ्यामार्फतही अपील सादर करता येते.

नोट खोटी असल्याचे तज्ज्ञाच्या अहवालाने सिद्ध होऊ शकते; परंतु तेवढ्याने अपराध सिद्ध होत नाही. नोट खोटी आहे हे आरोपीस ठाऊक होते किंवा तसे मानण्यास त्यास कारण होते, हेही अभियोग पक्षाने दाखवावे लागते. आंबे घेताना शंभराची खोटी नोट देणाऱ्या व तशाच आणखी नोटा जवळ सापडलेल्या छत्तीसगढमधील एका तरुणाला सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये याच मुद्यावर निर्दोष ठरविले. त्याच्या जबाबात यासंबंधी प्रश्नच विचारला गेला नव्हता. नव्या संहितेच्या कलम १८० नुसार, असे चलन वैध मार्गाने हाती आल्याचे सिद्ध केल्यास ते बाळगणे अपराध ठरत नाही. म्हणून नोटांची संख्या, जप्तीचा पंचनामा, मुद्देमालाची मोहोर आणि आरोपीचे वर्तन यांची छाननी अपिलात महत्त्वाची असते.

अपील दाखल झाल्याने शिक्षा आपोआप थांबत नाही. स्थगिती व जामीन यांसाठी वेगळा अर्ज करावा लागतो. उच्च न्यायालय आरोपीस निर्दोष ठरवू शकते, दोषसिद्धीत बदल करू शकते, शिक्षा कमी करू शकते किंवा फेरचौकशीचा आदेश देऊ शकते. आरोपीच्या स्वतःच्या अपिलात मात्र शिक्षा वाढविता येत नाही. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाकडे विशेष अनुमतीने दाद मागता येते.