सेडान की क्रॉसओव्हर? : संशय आणि प्रयोजन

विजेवरची गाडी घ्यायची हे ठरलं, आता सेडान घ्यायची की क्रॉसओव्हर, हा प्रश्न तत्त्वज्ञानाच्या व्याख्यानात कुठून आला असं काहींना वाटेल. पण बघा, घर सोडलं तर सामान्य कुटुंब एका दमात सर्वांत जास्त पैसे घालतं ते गाडीवर, आणि पुढची आठ-दहा वर्षं त्या निर्णयाबरोबर काढतं. तेव्हा विचार कसा करावा हे शिकायला हा प्रश्न चांगला आहे.

आधी शब्द. सेडान म्हणजे बसकी, मागे वेगळी डिकी असलेली गाडी. क्रॉसओव्हर म्हणजे सांगाडा मोटारीचा, पण बसण्याची उंची जीपकडे झुकलेली. कंपन्या तिलाच एसयूव्ही म्हणून विकतात. बाजाराचा कल आज तिच्याकडे आहे. टेस्लाने जुलै २०२५ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलात भारतातलं पहिलं दालन उघडलं ते मॉडेल वाय या क्रॉसओव्हरवर. त्याच घराण्यातली मॉडेल थ्री ही सेडान तेव्हा इथे विक्रीला आली नाही. पण बाजाराचा कल हे काही आपल्या निवडीचं कारण होऊ शकत नाही.

गौतमाच्या न्यायसूत्रांत सोळा पदार्थ सांगितले आहेत. त्यांत तिसरा संशय, चौथा प्रयोजन आणि नववा निर्णय. संशय कशातून निर्माण होतो? संधिप्रकाशात दूर काहीतरी उभं दिसतं. तो खांब आहे की माणूस? उंची दोघांचीही असते, ती समान. ज्याने फरक कळेल तो विशेष दिसत नाही, म्हणून संशय. यातून एक साधा नियम निघतो: जे दोन्हीकडे समान आहे त्यावर कितीही बोललं तरी निर्णय होत नाही. आणि शोरूममधलं निम्मं बोलणं नेमकं समान गोष्टींवर चालतं. पेट्रोलचा खर्च नाही, आवाज नाही, जीएसटी ५ टक्के, घरच्या १५ अँपिअरच्या सॉकेटवर रात्रभरात चार्जिंग. सगळं खरं, पण ते सेडानलाही लागू आणि क्रॉसओव्हरलाही. ते बाजूला ठेवू.

आता विशेष शोधू. उदाहरणासाठी आम्ही एकाच घरातल्या दोन गाड्या घेतो, त्यांच्या जुन्या रूपातल्या. टाटांची नेक्सॉन ईव्ही जानेवारी २०२० मध्ये आली, ती क्रॉसओव्हर. टिगोर ईव्हीचं हे रूप ऑगस्ट २०२१ मध्ये आलं, ती सेडान. लांबी दोघींची ३,९९३ मिलिमीटर, म्हणजे इथेही समान! पुढे मात्र फरक पडतो. टिगोरची बॅटरी २६ युनिटांची, चाचणीतला पल्ला ३०६ किलोमीटर. नेक्सॉनची बॅटरी ३०.२ युनिटांची, पल्ला ३१२. भागाकार करा. एका युनिटमागे सेडान पावणेबारा किलोमीटर जाते, क्रॉसओव्हर सव्वादहाच्या आसपास.

फरक मोठा वाटतो ना? रुपयांत मांडून बघू. वर्षाला १०,००० किलोमीटर धरले तर क्रॉसओव्हरला सुमारे १२० युनिटं जास्त लागतील. युनिटला दहा रुपये धरा. वर्षाचे झाले बाराशे रुपये. दोघींच्या सुरुवातीच्या किमतींत मात्र दोन लाखांचं अंतर होतं, ११.९९ लाख आणि १३.९९ लाख. म्हणजे पैशाचाच विचार असेल तर तो विजेच्या बिलात शोधू नये, खरेदीच्या किमतीत शोधावा.

पल्ल्याचा विचार वेगळा. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी ४० ऐवजी १०० च्या वेगाने गेलात तर तो सव्वासहा पट होतो. म्हणून सेडानच्या बसक्या बांध्याचा खरा फायदा द्रुतगती मार्गावर मिळतो. दर आठवड्याला पुण्याला जाणाऱ्याला तो जाणवेल. उत्तनच्या वळणांवर चाळीसच्या वेगाने जाणाऱ्याला फारसा जाणवणार नाही.

आता आपण जिथे जमलो आहोत त्या मनोरीकडे वळू. पलीकडे मार्वे दिसतं, पण लाँचमधून माणसं जातात, दुचाकी जाते. मोटारीला मात्र गोराई, उत्तन, भाईंदर असा वळसा घ्यावा लागतो. याचा अर्थ काय? 'रोजच्या वापराचा विचार करून गाडी घ्या' हा सल्ला इथे जसाच्या तसा लागू होत नाही, कारण इथल्या अनेक घरांचं रोजचं काम लाँच आणि स्कूटर करते. मोटार लागते ती लाँच थांबल्यावर. वादळी हवेत, रात्री उशिरा, घरातल्या म्हाताऱ्या माणसाला दवाखान्यात न्यायला. घोडं पेंड खातं ते इथे. अशा घरात मोटारीचं प्रयोजन अडचणीचा दिवस हेच आहे.

आणि मग विशेष बदलतात. आमच्या वयाच्या माणसांना ठाऊक आहे, बसक्या गाडीत शिरताना अंग खाली सोडावं लागतं आणि उतरताना सगळा भार गुडघ्यांवर येतो. क्रॉसओव्हरची सीट साधारण कमरेच्या पातळीवर येते. ना उतरायचं, ना चढायचं. मागचं दार छतापर्यंत उघडतं, त्यामुळे घडीची चाकाची खुर्ची आत घालणं सोपं जातं. उलट ज्यांना मासळीची टोपली न्यायची आहे त्यांना सेडानची वेगळी, बंद डिकी बरी. वास माणसांपर्यंत कमी येतो!

पावसाबद्दल मात्र भ्रम नको. उंच गाडी पाण्यातून निघून जाते असं सगळे म्हणतात. या दोन गाड्यांच्या पोटाखालच्या मोकळ्या जागेत फरक किती? एक १७२ मिलिमीटर, दुसरी २०५. फरक ३३ मिलिमीटर, म्हणजे जेमतेम दोन बोटं. खड्ड्याला, उंच स्पीडब्रेकरला ही दोन बोटं उपयोगी पडतात. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. तशा दिवशी दोन बोटांनी काय होणार? भरतीचं खारं पाणी रस्त्यावर आलं असेल तर कुठलीच गाडी त्यात घालू नये.

आणखी एक विशेष आहे, त्याकडे फारसं कोणी बघत नाही. सगळे उंची विचारतात, पण गावठाणातली गल्ली रुंदी विचारते. टिगोर १,६७७ मिलिमीटर रुंद, नेक्सॉन १,८११. सव्वापाच इंचांचा फरक. भिंतीला लागून चालणाऱ्या आजीला तेवढीच जागा हवी असते. शिवाय बोनेट उंच असलं की पुढ्यातलं लहान मूल उशिरा दिसतं, आणि धडकेचा मार पायांऐवजी वर, छातीकडे बसतो. गाडी आपण निवडतो, पण गल्लीतून चालणाऱ्याने ती निवडलेली नसते. प्रयोजन ठरवताना त्याचाही विचार व्हायला हवा, असं आम्हाला वाटतं. रुंद गाडी घेतलीच तर ती गावठाणाबाहेर लावून शेवटचा टप्पा पायी जाता येईल का, हे आधी बघावं.

तर निर्णय कसा करावा? शोरूममध्ये जाण्यापूर्वी तीन ओळी लिहा. गेल्या वर्षभरात मोटार नेमकी कशासाठी लागली? तिच्यात सर्वांत त्रासाने कोण चढलं-उतरलं? आणि घरापासून मोठ्या रस्त्यापर्यंतची सर्वांत अरुंद जागा किती फुटांची आहे? ती टेपने मोजा. पहिल्या ओळीत महामार्ग असेल, किंवा तिसरीतला आकडा लहान असेल, तर सेडान. दुसऱ्या ओळीत आई-वडिलांचं नाव असेल आणि गल्ली परवानगी देत असेल, तर क्रॉसओव्हर. दोन ओळी एकमेकींविरुद्ध गेल्या तर घरातल्या सगळ्यांनी बसून ठरवावं की कोणाची गैरसोय आधी दूर करायची. ते काम आकडे करून देणार नाहीत.

इथे थांबतो. आता प्रश्न घेऊ.