मृत्यू आकस्मिक नव्हे, गाफीलपणा जुना!

“काल रात्रीपर्यंत अगदी ठणठणीत होते हो!” पन्नाशीतल्या एखाद्या कर्त्या गृहस्थाच्या दाराशी जमलेल्या मंडळींच्या तोंडून हे उद्गार कोणी ऐकलेले नाहीत? घरातला मिळवता हात एका रात्रीत जातो, मुलांची शिक्षणे अडतात, आणि समाज मात्र ‘ईश्वरेच्छा’ म्हणून सुस्कारा टाकून आपल्या उद्योगाला लागतो. हृदयविकाराच्या मृत्यूला ‘आकस्मिक’ म्हणण्याची ही सवय घातक आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

प्लेग, पटकी आणि देवी यांनी आपल्या पूर्वजांच्या पिढ्या कापून काढल्या. त्या शत्रूंशी आपण लढलो. देवीचे तर जगातून उच्चाटन झाल्याचे १९८० मध्ये जाहीर झाले. परंतु रिकाम्या झालेल्या त्या सिंहासनावर आता हृदयविकार आणि पक्षाघात येऊन बसले आहेत. भारतातील एकूण मृत्यूंपैकी हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांनी होणारे मृत्यू १९९० मध्ये सुमारे १५ टक्के होते. २०१६ मध्ये ते सुमारे २८ टक्क्यांवर गेले. त्यांतील निम्म्याहून अधिक माणसे वयाची सत्तरीही न गाठता गेली!

हा शत्रू खरोखर अवचित येतो काय? अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम या गावी १९४८ मध्ये संशोधकांनी ५,२०९ स्त्री-पुरुषांची वर्षानुवर्षे तपासणी करण्याचा उपक्रम आरंभिला. उच्च रक्तदाब, रक्तातील वाढलेले कोलेस्टेरॉल आणि धूम्रपान हे झटक्याचे अग्रदूत होत, हे त्यातून सिद्ध झाले. पुढे ५२ देशांत झालेल्या आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीने दाखविले की, झटक्यांचा बहुतांश धोका मोजता व टाळता येण्याजोग्या नऊ कारणांतच सामावलेला आहे. म्हणजे ज्याला आपण एका रात्रीचा घाला समजतो, त्याची तयारी वीस-वीस वर्षे आपल्याच धमन्यांत चाललेली असते.

आणि आपण काय करतो? कन्येच्या विवाहासाठी पै-पै जमविणारा गृहस्थ वर्षातून एकदा रक्तदाब मोजून घेत नाही. दिवसाला पाच ग्रॅमहून, म्हणजे एका चहाच्या चमच्याहून, कमी मीठ पुरे असताना आपल्या ताटात पापड-लोणच्यांची आरास असते. छातीत कळ आली, की ‘पित्त झाले असेल’ म्हणून ओवा चावीत सकाळची वाट पाहिली जाते. वस्तुतः त्या वेळी गुठळीने धमनी बंद होऊन हृदयाचा स्नायू घटकेघटकेला मरत असतो. गुठळी विरघळविणारे औषध किंवा धमनी उघडण्याचा उपचार वेळेवर मिळाला तरच तो वाचतो. भिडेपोटी, ‘रात्री कोणाला उठवायचे’ म्हणून, किती संसार उघड्यावर पडले असतील!

सरकारने प्रत्येक दवाखान्यात रक्तदाबाची तपासणी व औषधे अखंड उपलब्ध ठेवली पाहिजेत, हे निर्विवाद. पण दंडाला पट्टा बांधून घेण्यास सरकार कोणाचा हात धरून नेणार नाही. तंबाखू सोडणे, रोज पायी चालणे, रक्तदाब मोजणे, यांसाठी धन लागत नाही, निश्चय लागतो.

वाचकहो, शेवटचा रक्तदाब आपण केव्हा मोजलात? उत्तर आठवत नसेल, तर आजचाच दिवस त्यासाठी योग्य आहे.