डोळ्याच्या आंतील काळा पडदा

घोडबंदर रस्त्यावर, राष्ट्रीय उद्यानाच्या रानालगत, चेणे गांव आहे. अशा गांवीं मोकळी जागा मिळाली कीं विटीदांडू आलाच. खेळ उत्तम, आम्ही त्याच्या विरुद्ध नाहीं. परंतु विटी डोळ्यावर बसली म्हणजे आंत काय होतें, हें विद्यार्थ्यांस व पालकांस ठाऊक असावें.

डोळ्याच्या भिंतीस तीन थर असतात. बाहेरचा पांढरा व चिवट. सर्वांत आंतला दृष्टिपटल, ज्यावर चित्र उमटतें. आणि मधला, रक्तवाहिन्यांनीं भरलेला काळसर पडदा, तो रंजितपटल. डॉक्टर त्यास कोरॉइड म्हणतात. दृष्टिपटलांतील प्रकाश टिपणाऱ्या पेशींस अन्न हाच पुरवितो. तो बिघडला कीं त्या उपाशी मरतात.

जोराचा मार बसतांच डोळा क्षणभर चेपतो. बाहेरचा थर चिवटपणानें टिकतो, आंतला ताण सोसतो. मधला मात्र फाटतो. ही फाट बहुधा चंद्रकोरीसारखी असते. प्रथम तेथें रक्त सांचतें. तें विरल्यावर पांढरा वण उरतो. वण दृष्टीच्या ऐन मध्यावर असल्यास गेलेली नजर सहसा परतत नाहीं. बाजूस असल्यास मुलगा बरा झाला असें घरचे समजतात. पण कांहीं महिन्यांनीं, कधीं वर्षांनीं, वणाच्या कडेस नाजूक नव्या रक्तवाहिन्या वाढून पाझरूं लागतात. हल्लीं त्यांवर डोळ्यांत सुईनें औषध देतात व वेळेवर दिल्यास पुष्कळदां गुण येतो.

वेळेवर कळणें हीच अडचण. दृष्टिपटलास वेदना कळत नाहीं, आणि दुसरा डोळा धड असला म्हणजे उणीव भासत नाहीं. शिवाय बोलणीं खावीं लागतील म्हणून मुलगा घरीं सांगत नाहीं. आमच्या मतें विटीपेक्षां हें भय अधिक घातक!

पूर्वीं जिवंत माणसाच्या डोळ्याचा तळ वैद्यास नीट दिसत नसे. 1851 सालीं जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ ह्यांनीं नेत्रदर्शक यंत्र जगापुढें मांडलें, तेव्हांपासून तो दिसूं लागला. आज डॉक्टर औषधाचे थेंब घालून बाहुली मोठी करतात व आंत पाहतात. मार बसल्यावर नजर ठीक वाटली तरी ही तपासणी करवावीच. तोंवर डोळा चोळूं नये, दाबूं नये, त्यांत घरगुती औषध घालूं नये.

पुढेंही अधूनमधून एकेक डोळा हलकेच झांकून खिडकीचे गज पाहावे. सरळ गज वांकडा वा मध्येंच पुसट दिसला, तर त्याच दिवशीं नेत्रवैद्याकडे जावें.